दहा हजारांत मॉनिटर घेताना: आधी अक्षरं बघा, मग इंच

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बेळगावजवळच्या खानापुरात झेरॉक्स, डीटीपी आणि ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. मराठी, कन्नड आणि इंग्रजी असं तिन्ही टायपिंग दिवसभर चालतं. जुना साडेअठरा इंची मॉनिटर फिका पडलाय, संध्याकाळी डोळे चुरचुरतात, आणि वाचायचा चष्मा लागल्यापासून बारीक अक्षरं अडतात. बजेट दहा हजार. इंजिनिअरिंगला असलेला मुलगा २७ इंची, १६५ हर्ट्झचा मॉनिटर घ्या म्हणतोय, बेळगावातल्या दुकानात वक्र पडद्याचा दाखवला, आणि घरचे म्हणतात की तेवढ्या पैशात ३२ इंची टीव्ही येतो, तोच लावा की.

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. २४ इंची, फुल एचडी, आयपीएस पॅनेलचा (हा पडद्याचा एक प्रकार, पुढे सांगतो), सपाट पडद्याचा मॉनिटर घ्या. आणि जुना मॉनिटर भंगारात घालू नका, तो गिऱ्हाइकाकडे तोंड करून लावायचा आहे. बेळगावात कॉम्प्युटरची विक्री-दुरुस्ती करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तुमच्यासारख्या दुकानांतलं काम मी टेबलाच्या आतल्या बाजूने बघितलंय, म्हणून एवढ्या ठामपणे सांगतोय.

मॉनिटर घ्यायचा म्हटलं की सगळे इंचांपासून सुरुवात करतात. तुमचं काम अक्षरांचं आहे. तुम्ही सुरुवात करायची ती एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, बसतात तिथून. साडेअठरा इंची मॉनिटर बहुतेक १३६६ बाय ७६८ चेच यायचे, तुमचाही तसाच असणार. त्यात इंचाला साधारण ८५ पिक्सेल येतात. आता मुलगा म्हणतोय तो २७ इंची बघा. दहा हजारांच्या आसपास तो फुल एचडीच मिळेल, म्हणजे १९२० बाय १०८०, आणि तिथे इंचाला ८२ पिक्सेल. पडदा केवढा तरी मोठा झाला, एका वेळी जास्त मजकूर दिसायला लागला, पण अक्षराची कड होती तितकीच भरड राहिली. तेच फुल एचडी २४ इंचीत (टेप लावून मोजला तर २३.८) घेतलं की इंचाला ९३ पिक्सेल होतात, आणि बाजारात २२ इंची म्हणून विकतात त्या साडेएकवीस इंचीत १०२.

फक्त इंग्रजी टाइप करणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही. विंडोजमधला नेहमीचा बारीक मजकूर जेमतेम बारा पिक्सेलांच्या मापात काढलेला असतो. इंग्रजी अक्षर तेवढ्यात आरामात बसतं. देवनागरीला मात्र तेवढ्याच जागेत शिरोरेघ, तिच्यावर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षराचा पाय, एवढं सगळं बसवावं लागतं. ‘मूर्ती’तला उकार ह्रस्व की दीर्घ, ‘द्ध’ की ‘द्द’, ‘ष’ की ‘प’, ‘घ’ की ‘ध’, हे एखाद-दुसऱ्या पिक्सेलवर ठरतं. कन्नडात तर आणखी नाजूक. तिथे द आणि ध, प आणि फ, ड आणि ढ यांच्यातला फरक अक्षराच्या खालच्या अंगाला असलेल्या एका इवल्याशा उभ्या रेघेचा असतो, आणि ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरातली दुसरी अक्षरं, ओळीच्या खाली लहान होऊन लटकलेली असतात. पहाणीवरचं (इकडच्या सातबाऱ्यावरचं) नाव वाचून सेवा सिंधूच्या, म्हणजे कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन सेवांच्या, अर्जात उतरवताना ती रेघ दिसली नाही की नाव चुकलं. मग उत्पन्नाच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि तो माणूस नाडकचेरीला, म्हणजे दाखले देणाऱ्या महसूल कचेरीला, खेपा घालत बसतो. कणकुंबीहून बस धरून आलेल्या माणसाची अख्ख्या दिवसाची मजुरी अशा एका रेघेपायी जाते. हे मी पुष्कळ वेळा बघितलंय, आणि टाइप करणारी बाई किंवा मुलगा निष्काळजी होता असं बहुतेक वेळा नव्हतं. पडद्यावर ते अक्षर वाचताच येत नव्हतं.

मग १०२ पिक्सेलवाला २२ इंचीच का नको? तो स्वस्तही आहे, आणि तुमचं वय पंचविशीचं असतं तर मी तोच सांगितला असता. पण पिक्सेल दाट झाले की प्रत्येक पिक्सेल लहान होतो, आणि त्यांवर काढलेलं अक्षरही लहान दिसतं. आत्ताच्या तुमच्या मॉनिटरच्या मानाने २२ इंचीवर तीच अक्षरं साधारण सहाव्या भागाने लहान दिसतील. चष्मा लागलेल्या डोळ्यांना ते जड जातं. २४ इंचीवरही थोडी लहान होतील, पण आठ-नऊ टक्केच. ब्राउझरचा झूम ११० टक्के केला की भरून निघतं, आणि कड आधीपेक्षा स्वच्छ मिळते ती वेगळी. विंडोजमध्ये सगळंच सव्वापट मोठं दाखवायची सोय आहे, १२५ टक्के स्केलिंग. पण टायपिंगची आणि छपाईची काही जुनी सॉफ्टवेअरं त्या सोयीला सरावलेली नसतात. ती तशी मोठी केली की चित्र ताणल्यासारखी पुसट दिसतात. तुमच्या कॉम्प्युटरवर नुडी किंवा श्रीलिपीची जुनी आवृत्ती असेल तर आधी १०० टक्क्यांवरच काम करून बघा.

इथे एक गोष्ट जोर देऊन सांगतो, कारण दहांतल्या निम्म्या दुकानांत मला हेच दिसतं. अक्षरं लहान वाटली म्हणून लोक सेटिंगमध्ये जाऊन रेझोल्यूशनच कमी करतात. १९२० बाय १०८० चा मॉनिटर १२८० बाय ७२० वर चालवतात. अक्षरं मोठी होतात खरी, पण पडद्याचे पिक्सेल तर तेवढेच असतात. त्यामुळे अक्षराचा प्रत्येक ठिपका दीड-दीड पिक्सेलावर पसरतो आणि कडा फेसाळतात. डोळे त्या कडा नीट बसवायचा प्रयत्न दिवसभर करत राहतात आणि संध्याकाळी दुखायला लागतात. रेझोल्यूशन मॉनिटरचं जे मूळ आहे, सेटिंगमध्ये ज्याच्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेलं असतं, तेच ठेवायचं. अक्षरं मोठी हवीत तर झूम किंवा स्केलिंग. तुमच्या जुन्या मॉनिटरवरही आजच हे तपासून घ्या. तो १०२४ बाय ७६८ वर चालत असला तर निम्मा त्रास तिथलाच असू शकतो.

डीटीपीसाठी २४ इंचीचा आणखी एक फायदा आहे. या पडद्याची उंची २९.६ सेंटिमीटर भरते आणि ए-फोर कागदाची २९.७. म्हणजे विंडोजची पट्टी आणि सॉफ्टवेअरच्या पट्ट्या लपवल्या तर अख्खं पान जवळजवळ खऱ्या मापात समोर उभं राहतं. रुंदी साधारण ५३ सेंटिमीटर, त्यात दोन पानं शेजारी-शेजारी बसतात आणि वर साधनांना जागा उरते. लग्नपत्रिका लावताना नाव केवढं दिसणार, ओळ कुठे तुटणार, हे गिऱ्हाइकाला पडद्यावरच दाखवता येतं. २२ इंचीची उंची २६.८ सेंटिमीटर, तिथे पान कापलं जातं.

टीव्हीचं तुमच्या घरच्यांना समजावून सांगा. स्वस्तातला ३२ इंची टीव्ही हा बहुतेक एचडी रेडी असतो, म्हणजे पुन्हा तेच १३६६ बाय ७६८, फक्त ३२ इंचांवर पसरलेलं. इंचाला ४९ पिक्सेल होतात. सहा-सात फुटांवरून मालिका बघायला तो बनवलेला आहे, दोन फुटांवरून अक्षरं वाचायला नाही. शिवाय पुष्कळ टीव्ही कॉम्प्युटरच्या चित्राच्या चारी कडा थोड्या कापतात, आणि रंगाची माहिती अर्धीमुर्धीच वापरतात. पांढऱ्यावर काळं अक्षर कसंबसं ठीक दिसतं, पण लाल किंवा निळ्या अक्षराच्या कडांना डाग पडल्यासारखं होतं. सरकारी अर्जांमध्ये चुकीची सूचना लालच अक्षरांत येते. टीव्ही नको.

आता पॅनेल. खोक्यावर आयपीएस, व्हीए किंवा टीएन यांपैकी एक लिहिलेलं असतं. टीएन बाजूने किंवा खालून बघितला की रंग उलटतात. तुमचा जुना बहुधा तोच आहे. व्हीएमध्ये काळा रंग खरोखर काळा दिसतो, त्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढऱ्या-काळ्याच्या उजेडातला फरक, तीन हजारास एकच्या घरात असतो, तर साध्या आयपीएसचा हजारास एकच्या आसपास. अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघायचा असेल तर व्हीए चांगला. पण व्हीए बाजूने बघितला की चित्र धुवून काढल्यासारखं फिकं होतं, आणि काळ्यावरचा मजकूर सरकवताना मागे सावली ओढली जाते. तुमच्या दुकानात पडद्याकडे फक्त तुम्ही बघत नाही. गिऱ्हाईक टेबलाच्या कडेला उभं राहून मान वाकडी करून ‘माझं नाव बरोबर घातलासा काय’ म्हणून बघतं. त्याला तिरक्या कोनातून वाचता यायला हवं. ते आयपीएसवरच नीट येतं. दुकानदार दाखवतोय ते वक्र मॉनिटर या किमतीत जवळपास सगळे व्हीएचे असतात. २४ इंचांत वक्रतेचा वाचणाऱ्याला काही उपयोग होत नाही, उलट पानाची सरळ रेघ वाकल्यासारखी वाटते आणि डीटीपीत त्याचा वैताग येतो. रुंदच्या रुंद, ३४ इंची मॉनिटरला वक्रता शोभते.

जुन्या मॉनिटरचं काय करायचं ते आता. नवा तुमच्यासमोर, आणि जुना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, तोंड गिऱ्हाइकाकडे. अर्ज भरून झाला, ‘सबमिट’ दाबायच्या आधी ती खिडकी जुन्या पडद्यावर सरकवायची आणि म्हणायचं, बाबा, नाव, बापाचं नाव, सर्व्हे नंबर वाचून बघा. ज्याला फक्त कन्नड वाचता येतं, ज्याला फक्त मराठी येतं, दोघंही आपापलं तपासतील. ज्याला वाचता येत नाही त्याच्यासोबतचा नातू वाचेल. फिका पडलेला मॉनिटर एवढ्या कामाला पुरतो, तिथे झूम वाढवून अक्षरं मोठी दाखवा. फक्त जोडताना काळजी घ्या. कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि पी एकत्र दाबलं की चार पर्याय येतात, त्यातला ‘एक्स्टेंड’ निवडा. ‘डुप्लिकेट’ निवडलात तर दोन्ही पडद्यांना एकच रेझोल्यूशन घ्यावं लागतं, नवा मॉनिटर जुन्याच्या पातळीवर उतरतो आणि तुमच्याच समोरची अक्षरं पुसट होतात.

यासाठी कॉम्प्युटरच्या मागे मॉनिटरची वायर जोडायच्या दोन जागा लागतात. बेळगावला यायच्या आधी हे काम आवर्जून करा: सीपीयूचा डबा पुढे ओढा आणि मागच्या बाजूचा मोबाइलने फोटो काढा. निळ्या रंगाची, पंधरा भोकांची आहे ती व्हीजीए. चपटी, दोन कोपरे कापलेली ती एचडीएमआय. एकच कोपरा कापलेली असेल ती डिस्प्लेपोर्ट. पांढरी, पुष्कळ भोकांची लांबट ती डीव्हीआय. तुमचा कॉम्प्युटर इंटेलच्या दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा असेल, या भागात अजून ते पुष्कळ चालू आहेत, तर बहुधा व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही सापडतील. मग सोपं आहे: एचडीएमआय नव्याला, व्हीजीए जुन्याला. या वयाच्या मदरबोर्डाची एचडीएमआय १९२० बाय १२०० च्या पुढे जात नाही. म्हणजे मुलाने पैसे घालून २७ इंची क्यूएचडी, २५६० बाय १४४० चा, आणलाच तरी तुमच्या कॉम्प्युटरवर तो पूर्ण ताकदीने चालणार नाही. १०० किंवा १६५ हर्ट्झही त्यावर मिळणार नाही, ६० च धरून चला.

मागे फक्त व्हीजीए असेल तर दोन वाटा. एक, जिथे व्हीजीए आणि एचडीएमआय दोन्ही जागा आहेत असाच नवा मॉनिटर शोधायचा. २२ आणि २४ इंचीत असे अजून मिळतात. व्हीजीएवर फुल एचडी चालतं, फक्त चित्र कॉम्प्युटरमधून बाहेर पडताना एकदा आणि मॉनिटरमध्ये शिरताना एकदा बदलतं, त्यामुळे थोडी धार जाते. मॉनिटरवरचं ‘ऑटो ॲडजस्ट’ पांढऱ्या पानावर भरपूर अक्षरं उघडून दाबा, म्हणजे ते नीट जुळतं. दुसरी वाट, जी मी तुम्हाला सुचवेन, ती म्हणजे जीटी ७१० सारखं साधं ग्राफिक्स कार्ड जुन्या बाजारातून बसवून घेणं. त्याला व्हीजीए, एचडीएमआय दोन्ही असतात आणि दोन पडद्यांचं काम होऊन जातं. एक मात्र ध्यानात ठेवा. बाजारात स्वस्तात मिळणारा छोटा कन्व्हर्टर एकाच दिशेने चालतो. एचडीएमआयमधून व्हीजीए काढणारा वेगळा, व्हीजीएमधून एचडीएमआय काढणारा वेगळा. दुकानदाराला फोटो दाखवून ‘इथून तिथे जायचंय’ असं बोट ठेवून सांगा.

एचडीएमआय जोडल्यावर काळा रंग राखाडी आणि सगळं चित्र धुरकट दिसलं तर मॉनिटर खराब आहे असं समजू नका. कॉम्प्युटर त्याला टीव्ही समजून रंग आखडते पाठवतोय. इंटेलच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये ‘क्वांटायझेशन रेंज’ असतं, ते ‘फुल’ करा. त्यानंतर विंडोजच्या सर्चमध्ये ‘क्लिअरटाइप’ शोधून ते पाच-सहा नमुने निवडायचं काम एकदा करून टाका. देवनागरी आणि कन्नड दोन्हींची कड त्याने लगेच सुधारते.

अर्थिंगचा विषय मॉनिटरच्या खरेदीत कुणी काढत नाही, पण या भागात मॉनिटर आणि कॉम्प्युटरच्या एचडीएमआय जागा जळण्याचं ते मोठं कारण आहे. जुन्या कौलारू घरात दुकान असेल तर तीन पिनांच्या सॉकेटमधली तिसरी पिन पुष्कळदा नुसती शोभेची असते. अर्थिंग नसलं की कॉम्प्युटरच्या पत्र्यावर गळतीचा थोडा करंट कायम उभा असतो. ओल्या दिवसांत हात लावला की मुंग्या येतात, तो हाच. अशात चालू मॉनिटरमध्ये चालू कॉम्प्युटरची एचडीएमआय वायर खुपसली की टोकाला ठिणगी पडते आणि आतली चिप जाते. वॉरंटीवाले याला हात वर करतात. म्हणून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि वायर लावायची-काढायची ती दोन्हींच्या पिना सॉकेटमधून उपसून. खानापूर, जांबोटी, कणकुंबी पट्ट्यात वळवाच्या विजा किती कडाडतात ते मी तुम्हाला सांगायला नको. रात्री दुकान बंद करताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बाहेर काढून ठेवा. २४ इंची एलईडी मॉनिटर वीसेक वॉटच खातो, तुमच्या ६०० व्हीएच्या यूपीएसवर त्याचा भार जाणवणार नाही. निवडीला वाव असेल तर बाहेर वेगळा ॲडॅप्टर असलेला मॉनिटर घ्या. व्होल्टेजच्या चढउतारात ॲडॅप्टर गेला तर नवा आणून जोडता येतो, आत वीजपुरवठ्याचा बोर्ड असेल तर अख्खा मॉनिटर उघडावा लागतो.

खोक्यावरचे बाकीचे आकडे भराभर सांगतो. हर्ट्झ म्हणजे चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं. हल्ली १०० हर्ट्झ साध्या मॉनिटरलाही येतं, आलं तर घ्या, त्यासाठी जास्त पैसे देऊ नका. १ मिलिसेकंद, म्हणजे पिक्सेलला रंग बदलायला लागणारा वेळ, हा गेम खेळणाऱ्यांचा आकडा आहे. कॉन्ट्रास्ट कोटींमध्ये लिहिलेला असेल तर तो ‘डायनॅमिक’, त्याकडे बघू नका. २५० निट्सच्या (निट्स हे पडद्याच्या उजेडाचं माप) मॉनिटरवर एचडीआर, म्हणजे जास्त झगझगीत चित्राची सोय, लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल त्याला कळतो, दाखवायला लागणारा उजेड त्याच्याकडे नसतो. रंगांसाठी ९९ टक्के एसआरजीबी लिहिलेलं असेल तर उत्तम. काही ठिकाणी ७२ टक्के एनटीएससी लिहितात, ते जवळपास तेच. ४५ टक्के लिहिलेलं असेल तर पत्रिकेवरचा कुंकवाचा लाल पडद्यावर विटकरी दिसेल, तो टाळा. ‘फ्लिकर फ्री’, म्हणजे उजेड न लुकलुकणारा, असावा, हे डोळ्यांसाठी खरंच उपयोगाचं आहे. निळा प्रकाश कमी करणारा मोड लावला की पडदा पिवळा पडतो आणि डीटीपीचे रंग बिघडतात. डोळे चुरचुरण्याचं मुख्य कारण पडद्याकडे बघताना आपण पापण्या कमी मिटतो हे आहे. दर वीस मिनिटांनी वीसेक सेकंद रस्त्यापलीकडे, वीस फुटांच्या पुढे बघायचं हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला बिनखर्चाचा आहे.

उंची आणि उजेड यांवर मात्र वेळ द्या. या बजेटमधले स्टँड फक्त पुढेमागे कलतात, वरखाली होत नाहीत. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली यायला हवी, आणि अंतर हातभर. तुमच्याकडे ए-फोरच्या रिमा आहेतच. पाचशे कागदांची एक रीम साधारण पाच सेंटिमीटर जाड असते. मॉनिटरखाली एक-दोन रिमा घालून बघा, जी उंची मानेला बरी वाटेल तेवढा लाकडी ठोकळा सुताराकडून करून घ्या. चष्मा बायफोकल, म्हणजे एकाच काचेत दोन नंबरांचा, किंवा प्रोग्रेसिव्ह असेल तर उलट करा. अशा चष्म्यात वाचायचा नंबर खाली असतो, त्यामुळे माणूस हनुवटी वर करून पडद्याकडे बघतो आणि मान धरते. तुम्हाला मॉनिटर खालीच ठेवावा लागेल. खरं तर नेत्रतज्ज्ञाला पडद्याचं अंतर टेपने मोजून सांगा आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घ्या. नव्या मॉनिटरइतकाच त्याचा उपयोग होईल. ब्राइटनेस कारखान्यातून फार जास्त ठेवलेला असतो. पडद्यावर कोरं पान उघडा, शेजारी झेरॉक्सचा कोरा कागद धरा, आणि दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. रस्त्याकडचं शटर पाठीमागे येत असेल तर त्याची चमक पडद्यावर पडते. टेबल असं फिरवा की उजेड बाजूने येईल.

पैशांचा हिशोब असा बसेल. नावाजलेल्या कंपनीचा २४ इंची फुल एचडी आयपीएस सध्या साधारण साडेसात ते दहा हजारांत येतो, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला असतो. उरलेल्या पैशांत गरज पडली तर ग्राफिक्स कार्ड किंवा ठोकळा. बजेट पाच हजारांवर आणायची वेळ आली तर नवा १९ इंची घेऊ नका. त्यापेक्षा आयटी कंपन्यांतून भाडेकरार संपून आलेले २४ इंची मॉनिटर बघा. त्यांचे स्टँड वरखाली होतात, काही उभेही फिरतात, आणि त्यातले १९२० बाय १२०० चे असतील तर उंची ३२ सेंटिमीटरच्या पुढे जाते, डीटीपीला फारच सोयीचं. असा जुना घेताना पांढरं पान उघडून पिवळेपणा आणि कोपऱ्यांतला अंधार बघा, अर्धा तास चालू ठेवून घ्या, आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी मागा.

ऑनलाइन की दुकानातून? तुमच्या बाबतीत मी बेळगावातूनच घ्या म्हणेन, पाच-सातशे जास्त गेले तरी. खानापूरहून पंचवीसेक किलोमीटरवर आहे, आणि अक्षरं स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेता येतील. काही कंपन्या तीन वर्षांची वॉरंटी देतात, काही एकच वर्षाची. तीनवाला घ्या. ‘ऑनसाइट’ म्हणजे घरी येऊन, पण ती सोय तुमच्या ५९१३०२ या पिनकोडला लागू आहे का, ते कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी विचारा. शहराला लागू असलेली गोष्ट तालुक्याला असेलच असं नाही. कोल्हापुरात कुणी नातेवाईक स्वस्तात देतोय म्हणून आणलात तरी वॉरंटी देशभर चालते, फक्त दुरुस्तीला बेळगाव किंवा हुबळीच्या सर्व्हिस सेंटरला जावं लागेल. मागच्या पट्टीवर बीआयएसचं चिन्ह आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर घालून बघता येतो. बिलावर सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि तुमच्या दुकानाचा जीएसटी नंबर असेल तर तोही घालायला सांगा.

दुकानात गेल्यावर मॉनिटरवर चालू असलेला मासे आणि फुलांचा व्हिडिओ बंद करायला सांगा. त्यात कुठलाही मॉनिटर सुंदरच दिसतो. पेन ड्राइव्हवर तुमची स्वतःची तीन पानं न्या: एक बारीक अक्षरांची पहाणी, एक मराठी पत्रिका आणि एक भरलेला अर्ज. ती १०० टक्के मापात उघडा, तुम्ही नेहमी बसता तेवढ्या अंतरावर बसा, चष्मा घालून वाचा. मग उठून टेबलाच्या कडेला, गिऱ्हाईक उभं राहतं तिथे उभ्या राहा आणि तीच ओळ पुन्हा वाचा. त्यानंतर पूर्ण पांढरा, पूर्ण काळा, लाल, हिरवा आणि निळा असे पाच पडदे एकेक करून बघा. काळ्यावर चमकणारा ठिपका किंवा पांढऱ्यावर न हलणारा काळा ठिपका दिसला तर तिथल्या तिथे दुसरा नग मागा. घरी नेल्यावर एक-दोन ठिपक्यांसाठी बहुतेक कंपन्या बदलून देत नाहीत. काळ्या पडद्यावर कोपऱ्यांत थोडी चमक आयपीएसला असतेच, ती दोष धरू नका.

पुसताना कोरडं मऊ मायक्रोफायबर फडकं, फार तर पाण्याने किंचित ओलं केलेलं. काच पुसायचा स्प्रे किंवा स्पिरिट लावलं तर पडद्यावरचा मॅट लेप उतरतो. झेरॉक्सच्या टोनरची भुकटी बसत असेल तर आधी हलक्या ब्रशने झाडा, नाहीतर चरे पडतात. आणि पावसाळ्यात संध्याकाळी उजेडाला येणारी बारीक चिलटं कधी पॅनेलच्या आत शिरतात, अक्षरांमधून काहीतरी चालताना दिसतं. त्याला बोटाने दाबायचं नाही. दाबलं तर ते तिथेच चिरडून कायमचा डाग राहतो. मॉनिटर बंद करून खोलीत दुसरीकडे दिवा लावून ठेवला तर ते बहुधा आपणहून बाहेर पडतं.

मुलाच्या २७ इंचीचं राहिलं. त्याची मागणी चुकीची नाही, जागा चुकीची आहे. त्याला लॅपटॉपला जोडून कॅड आणि प्रोग्रॅमिंग करायचं असेल तर २७ इंची क्यूएचडी, इंचाला १०९ पिक्सेलचा, फार छान पडतो. पण त्याचं बजेट पंधरा हजारांच्या पुढे जातं आणि त्या लॅपटॉपची एचडीएमआय तेवढं रेझोल्यूशन देते का ते आधी बघावं लागतं. ती खरेदी वेगळी करा. दुकानाच्या दहा हजारांत ती मिसळली तर मिळेल तो २७ इंची फुल एचडी, आणि त्यावर ना तुमची अक्षरं सुधारतील ना त्याचा खेळ. सीपीयूच्या मागचा फोटो काढलात की मला पाठवा, कुठली वायर आणि कुठलं कार्ड लागेल ते तो बघून नेमकं सांगतो.